वर्ध्याचा ठराव आणि कापता येणारी गाणी

गांधी या नावाला ब्रँडीचे यमक जुळवण्याचा पराक्रम १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. कोल पोर्टर या संगीतकाराचे ‘एनिथिंग गोज’ हे संगीत प्रहसन त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आले. त्यातल्या ‘यू आर द टॉप’ या गाण्यात नायक-नायिका एकमेकांना जगातल्या अव्वल गोष्टींच्या उपमा देत सुटतात. रोमचे कलोसियम येते, पॅरिसचे लुव्र येते, मिकी माउस येतो, आणि त्याच रांगेत महात्मा गांधी येतात, लगोलग मागे नेपोलियन ब्रँडी. गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्यात होता. ग्रामोद्योग संघाची जुळवाजुळव चालली होती. हातसडीचा तांदूळ आणि घाण्याचे तेल हे त्यांच्या काळजीचे विषय होते. वर्धा जिल्ह्यात आजही दारूबंदी आहे, निदान कागदावर. तिथल्या वाचकाला हे यमक जरा जास्तच झोंबेल.

पोर्टरच्या मनात कुचेष्टा नव्हती. गाण्यात नाव येणे हा त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये मानच होता. गंमत वेगळीच आहे. त्याच नाटकात दोन चिनी पात्रे आहेत आणि त्यांचे मुख्य काम म्हणजे आपले कपडे गोऱ्या पात्रांना वेषांतरासाठी देणे. नाव चालते, पोशाख चालतो, ताल तर फारच चालतो. माणूस मात्र दारापाशीच थांबतो. तीसच्या दशकातल्या अमेरिकी संगीत विनोदिका, आधी रंगमंचावरच्या आणि मग पडद्यावरच्या, याच शिस्तीवर उभ्या होत्या.

पडद्यावर ही शिस्त बोलपटाइतकीच जुनी होती. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ने बोलपटाचे युग सुरू केले आणि त्यातल्या शेवटच्या गाण्यात अल जोल्सन हा गोरा गायक तोंडाला काळे फासून उभा राहतो. गोऱ्या नटाने काळिख फासून काळ्यांची नक्कल करायची ही एकोणिसाव्या शतकातली लोकप्रिय करमणूक होती. सिनेमाने ती तशीच उचलली. खऱ्या काळ्या कलावंतांना त्याच सिनेमात काम मिळे ते खानसाम्याचे, दाईचे, नाही तर स्टेशनवरच्या हमालाचे. १९३५ च्या ‘द लिटल कर्नल’मध्ये बिल रॉबिन्सन या थोर टॅप-नर्तकाने बाल-तारका शर्ली टेंपलबरोबर जिन्यावरचा तो सुप्रसिद्ध नाच केला. रॉबिन्सन तेव्हा पन्नाशी उलटलेला, पोरगी सात वर्षांच्या आतली, आणि चित्रपटात तो घरचा बटलर. तरीही दोघांनी एकमेकांचा हात धरलेला तुकडा दक्षिणेकडल्या राज्यांत कापण्यात आला.

पुढल्याच वर्षी ‘स्विंग टाइम’ आला. फ्रेड आस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या जोडीचा हा सर्वांत देखणा चित्रपट, असे माझेही मत आहे. त्यात आस्टेअरने रॉबिन्सनला मानवंदना म्हणून एक नाच केला. मागे पडद्यावर स्वतःच्याच तीन प्रचंड सावल्या, त्यांच्याशी जुगलबंदी, पायांची अशी सफाई की बघत राहावे. आणि तोंडाला काळे फासलेले. गुरूला वंदन करायचे तर गुरूचा वर्ण अंगाला लावायचा, गुरूला मात्र शेजारी उभे करायचे नाही. या चित्रपटाचा दिग्दर्शक होता जॉर्ज स्टीव्हन्स. त्याचे नाव लक्षात ठेवावे. तो पुढे आपल्याकडेही येणार आहे.

आणखी एक चित्रपट त्याच वर्षीचा, ‘शो बोट’. मिसिसिपी नदीवरच्या तरंगत्या नाटकमंडळीची ही गोष्ट. मूळ संगीतिकेत तिच्या नावेचेच नाव ‘कॉटन ब्लॉसम’, कापसाचे फूल. पॉल रॉबसन काठावर बसून आपल्या धीरगंभीर आवाजात नदीचे गाणे म्हणतो आणि सारा चित्रपट त्या चार मिनिटांत तोलला जातो. पण कथेतली मिश्रवंशाची नायिका ज्युली हिचे काम गोऱ्या हेलन मॉर्गनकडे होते. दुसरी नायिका आयरीन डन एका गाण्यात काळिख फासून नाचते ते निराळेच. गाठी बांधणारे, ओझी वाहणारे काळे मजूर पार्श्वभूमीला गात असतात. हॉलीवूडच्या संगीतपटांत कापूस नेहमी असाच दिसतो: दूरवर, पांढराशुभ्र, आणि वेचणारा गाणे म्हणतो म्हणजे सुखीच असला पाहिजे.

कापूस वेचणारा प्रत्यक्षात काय म्हणतो हे ठाऊक असलेला एक माणूस १९३६ साल सरताना वर्ध्यात आला. बेंजामिन मेज हे त्यांचे नाव. जन्म १८९४ चा, दक्षिण कॅरोलिनातला; आईवडील गुलामीत जन्मलेले; लहानपण दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस पिकवण्यात आणि वेचण्यात गेलेले. आता ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख होते. बरोबर चॅनिंग तोबायस होते, वायएमसीए या संघटनेच्या काळ्या लोकांमधल्या कामाचे सूत्रधार. दोघे म्हैसूरच्या जागतिक परिषदेसाठी निघाले होते आणि वाट वाकडी करून गांधीजींना भेटायला आले. त्या दिवसांत वर्ध्याभोवती वेचणीचा हंगाम असतो. वर्धा शहराचे अस्तित्वच कापसाच्या व्यापारात रुजलेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा वसले आणि पुढल्याच वर्षी आगगाडी नागपूरला पोचली. मेज यांच्या आईवडिलांना गुलामीतून सोडवणाऱ्या युद्धानेच हे शहरही घडवले होते. मेज यांना हे कुणी सांगितले की नाही, देव जाणे.

त्यांच्या आधी, फेब्रुवारी १९३६ मध्ये, हॉवर्ड थरमन आणि स्यू बेली थरमन हे काळे अमेरिकी दांपत्य गांधीजींना बारडोलीत भेटले होते. ती भेट प्रसिद्ध आहे. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित अमेरिकेतल्या काळ्या लोकांमार्फतच जगाला मिळेल, असे गांधीजी तिथे म्हणाले. पण आपल्या विषयाला लागू असलेली गोष्ट दुसरी आहे. त्यांनी पाहुण्यांना गायला सांगितले आणि कोणते भजन हेही सांगितले: ख्रिस्ताला क्रुसावर चढवले तेव्हा तुम्ही तिथे होता का, असे विचारणारे गुलामांचे गाणे. सिनेमाला या लोकांचा ताल हवा होता. इथे कुणीतरी त्या गाण्यातला प्रश्न ऐकू पाहत होते.

वर्ध्याची भेट अधिक कोरडी आणि, मला वाटते, अधिक कसाची झाली. मेज यांनी तास-दीड तास बारकाईने विचारले. अहिंसा म्हणजे निष्क्रियता नव्हे काय? मूठभर लोकांना ती बलाढ्यांपुढे वापरता येते काय? आणि मग: तुम्ही जातिव्यवस्थेवरच घाव का घालत नाही? गांधीजींचे उत्तर नेहमीचे होते. अस्पृश्यता हे पाप, वर्णव्यवस्था ही मुळात कामाची वाटणी. हे उत्तर महाराष्ट्रात त्या वेळी पुरे पडत नव्हते. डॉ. आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली त्याला वर्ष उलटले होते. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे त्यांचे पुस्तक १९३६ मध्येच छापून आले होते आणि गांधीजींच्या ‘हरिजन’मधून त्यावर वादही झडला होता. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी जुलै १९२८ मध्येच सर्वांना खुले केले, ही जिल्ह्याची खरी मिळकत आहे. पण देवळात शिरणे आणि गावात बरोबरीने राहणे यांतले अंतर मेज यांच्यासारख्या माणसाला समजावून द्यावे लागले नसते. त्याच दौऱ्यात म्हैसूरकडच्या एका शाळेत, अस्पृश्य मुलांच्या शाळेत, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली. आधी ते चमकले, दुखावलेही. मग विचार करता त्यांना ते पटले. आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवले आहे.

इकडे गांधीजींना सिनेमाचे वावडे होते. १९३१ मध्ये लंडनला चार्ली चॅप्लिन भेटायला येणार म्हटल्यावर हे गृहस्थ कोण, असे त्यांना विचारावे लागले होते. १९३९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘फिल्मइंडिया’ मासिकातून त्यांना जाहीर पत्र लिहिले की बापू, या माध्यमाला जुगार-सट्ट्याच्या पंगतीला बसवू नका. त्याच वर्षी जॉर्ज स्टीव्हन्स आपल्याकडे आला, म्हणजे त्याचा ‘गंगादिन’ आला. सॅम जॅफी हा अमेरिकी नट अंगाला तपकिरी रंग लावून भिश्ती झाला होता, इंग्रज पलटणीसाठी जीव देणारा. ठगांचा गुरू झाला होता इटालियन नट एदुआर्दो चिआनेली. मुंबई आणि बंगालमध्ये चित्रपटावर बंदी आली. तीन वर्षांपूर्वी आस्टेअरच्या चेहऱ्यासाठी उघडला होता तोच रंगाचा डबा, फक्त छटा बदललेली. आपल्याकडे संताप झाला तो योग्यच होता. ‘स्विंग टाइम’बद्दल इथे कुणी संतापले नाही.

२९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री हॅटी मॅकडॅनिएल यांना ‘गॉन विथ द विंड’मधल्या दाईच्या कामासाठी ऑस्कर मिळाले, काळ्या कलावंताला मिळालेले हे पहिलेच. समारंभाच्या दालनात त्यांचे टेबल वेगळे, भिंतीकडेला होते. त्याआधी अटलांटातल्या पहिल्या खेळाला त्यांना जाता आले नव्हते. दाई होऊन आठवड्याला सात डॉलर मिळवण्यापेक्षा दाईचे सोंग करून सातशे मिळवलेले बरे, या अर्थाचे त्यांचे बोलणे सांगितले जाते. त्यावर टीका करणे सोपे आहे. आपल्याकडे तमाशात सोंगाड्याने पाटलाची फिरकी घ्यायची आणि फड उठल्यावर त्याच पाटलाच्या ओसरीखाली बसायचे, हे ज्यांनी पाहिले आहे ते टीका करायला धजणार नाहीत.

मग आला जुलै १९४२.

एक जुलैला सेवाग्रामहून गांधीजींनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. हिंदुस्थान आणि आफ्रिका ब्रिटनच्या जोखडाखाली आहेत आणि अमेरिकेच्या घरातच काळ्यांचा प्रश्न आहे, तोवर स्वातंत्र्यासाठी लढतो आहोत ही दोस्तराष्ट्रांची घोषणा पोकळ वाटते, असा त्याचा आशय. चौदा जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला की ब्रिटिश सत्ता ताबडतोब संपली पाहिजे. यजमान जमनालाल फेब्रुवारीतच गेले होते. याच ठरावातून आठ ऑगस्टचा ‘भारत छोडो’ निघाला.

आणि त्याच महिन्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, लॉस एंजेलिसमध्ये काळ्या अमेरिकनांची सर्वांत मोठी हक्क-संघटना, एनएएसीपी, आपले वार्षिक अधिवेशन भरवत होती. जागा मुद्दाम निवडलेली, हॉलीवूडच्या दारात. संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट स्टुडिओवाल्यांशी बोलणी करत होते. काळा माणूस पडद्यावर फक्त विदूषक आणि नोकर म्हणून का? शिक्षक, शिपाई, साधा शेजारी म्हणून का नाही? त्यांच्या बाजूने वेंडेल विल्की उभे होते, १९४० ची अध्यक्षीय निवडणूक हरलेले आणि आता ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स स्टुडिओच्या संचालक मंडळाचे प्रमुख. बाहेर साम्राज्यशाहीशी लढायचे आणि घरात तिचाच एक प्रकार पोसायचा हे चालणार नाही, असे विल्की अधिवेशनात बोलले. सेवाग्रामच्या पत्रातला युक्तिवाद आणि हा युक्तिवाद शेजारी ठेवून पाहावेत. एकाने दुसऱ्याचे वाचून लिहिले असे नव्हे. युद्धाने दोघांच्याही हातात तेच हत्यार दिले होते.

हॉलीवूडने मागणी मान्य केली, आणि कशी मान्य केली ते पाहण्यासारखे आहे. शिक्षक-शेजारी बाजूला राहिले. दोन संगीतपट निघाले. १९४३ च्या वसंतात एमजीएमचा ‘केबिन इन द स्काय’, उन्हाळ्यात फॉक्सचा ‘स्टॉर्मी वेदर’. दोन्हींत सगळे कलावंत काळे. पहिल्यात एथेल वॉटर्स, लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन. दुसऱ्यात फॅट्स वॉलर, कॅब कॅलोवे, आणि पासष्टीला टेकल्यावर का होईना एकदाचा नायक झालेला बिल रॉबिन्सन. ‘स्टॉर्मी वेदर’च्या शेवटी निकलस बंधू, फेयार्ड आणि हॅरॉल्ड, जिन्याच्या पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत पाय फाकून उतरतात. पाहताना आपल्याच मांड्या दुखतात. ‘केबिन’ची कथा मात्र जुनीच: जुगारी नवरा, देवभोळी बायको, सैतानाची चेटूक-बाई. आणि सगळेच काळे असल्यामुळे गोऱ्यांच्या चित्रपटात त्यांना बरोबरीने आणायचा प्रश्न पुन्हा टळला. वेगळा पाणवठा बांधून दिला, चांगला दगडी बांधून दिला, असाच तो न्याय.

या दोन्ही चित्रपटांत लीना हॉर्न होत्या. जन्म १९१७, दोन वर्षांच्या असताना एनएएसीपीच्या पत्रिकेत त्यांचा फोटो छापून आला होता, इतके घराणे चळवळीतले. १९४२ मध्ये एमजीएमशी त्यांचा दीर्घ करार झाला. मोलकरणीची कामे करणार नाही, ही अट त्यांच्या वडिलांनी आणि वॉल्टर व्हाइट यांनी लावून धरली. मोलकरीण नाही म्हटल्यावर यांचे करायचे काय, हे स्टुडिओला कळेना. मग एक युक्ती निघाली. कथेशी संबंध नसलेला एक प्रसंग, खांबाला टेकून उभ्या असलेल्या लीनाबाई, उंची गाऊन, एक गाणे, संपले. आधी कुणाशी संवाद नाही, नंतर कुणी नाव घेत नाही. दक्षिणेत चित्रपट पोचला की वितरक तेवढी फिल्म कापी आणि गोष्टीला धक्काही लागत नसे. मेम्फिसचे सेन्सॉर-प्रमुख लॉइड बिनफोर्ड या कापाकापीसाठी कुप्रसिद्धच होते. लीनाबाईंचा वर्ण कॅमेऱ्यात पुरेसा ‘काळा’ दिसत नाही म्हणून मॅक्स फॅक्टर कंपनीने खास रंग तयार केला, ‘लाइट इजिप्शियन’. पुढे तो रंग गोऱ्या नट्यांना ‘मिश्र’ दाखवण्यासाठी उपयोगी पडला, असे लीनाबाई स्वतः सांगत. १९५१ मध्ये एमजीएमने ‘शो बोट’ पुन्हा काढला. ज्युलीचे काम त्यांना हवे होते. १९४६ च्या एका चित्रपटात त्यांनी ज्युलीचे गाणे गायलेही होते. काम मिळाले अ‍ॅव्हा गार्डनर यांना.

यातले आपल्याकडे काय आले? ताल आला. शिकागोत नाव कमावलेला काळा पियानोवादक टेडी वेदरफोर्ड तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. गोव्याचे ख्रिस्ती वादक त्याच हवेत तयार झाले. त्यांतला हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात आला. पुणतांब्याचे, नागपुरात गाणे शिकलेले रामचंद्र. त्यांचे ‘समाधी’तले ‘गोरे गोरे’ (१९५०) मूळ कार्मेन मिरांडाच्या एका गाण्यावरचे. त्या बाई पोर्तुगालात जन्मलेल्या, ब्राझीलमध्ये वाढलेल्या, गोऱ्या. डोक्यावरचा फळांचा मुकुट तिथल्याच बाहिया प्रांतातल्या काळ्या बाजारकरणींच्या पेहरावावरून उचललेला. बाहियाहून हॉलीवूड, हॉलीवूडहून मुंबई, आणि मूळ बाजारकरणीचा पत्ता कुठेच नाही. आमच्या लोकांनीही तो शोधला नाही.

पण एक गोष्ट इथे वेगळी घडली आणि ती सांगितली पाहिजे. १९५१ च्या ‘अलबेला’चा नायक, निर्माता आणि दिग्दर्शक होता भगवान आभाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, चरित्रनोंदी त्याचा जन्म वर्ध्याच्या शेजारचा, अमरावतीचा सांगतात. बुटका, गोल, नायकाच्या कुठल्याच साच्यात न बसणारा. हॉलीवूडमध्ये असा माणूस नायकाचा मित्र झाला असता. इथे गीता बालीबरोबर तोच नाचला, हवाईच्या बेटांवरचा पोशाख घालून, मागे चिक चॉकलेटच्या तालमीतला जॅझ घेऊन. आणि त्याचे गाणे कापून काढता येण्यासारखे नव्हते, कारण गोष्टच त्याची होती.

वर्ध्याहून गेलेले दोन पाहुणे आपापल्या वाटेने पुढे गेले. मेज १९४० मध्ये अटलांटाच्या मोअरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. तिथे मार्टिन लूथर किंग त्यांचे विद्यार्थी होते आणि १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीतले भाषण मेज यांनीच केले. तोबायस १९५३ मध्ये एनएएसीपीच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. लीना हॉर्न १९६३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चात हजर होत्या. मोर्चाची सारी आखणी करणारे बायर्ड रस्टिन हे एके काळी रॉबसनच्या एका ब्रॉडवे संगीतिकेत कोरसमध्ये गायले होते आणि १९४८-४९ मध्ये हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या सहकाऱ्यांना भेटून गेले होते.

‘केबिन इन द स्काय’मधले लीनाबाईंचे एक गाणे एमजीएमने १९४३ मध्ये स्वतःच कापले होते. न्हाणीच्या टबात, साबणाच्या फेसात बसून गाणारी काळी स्त्री; सेन्सॉरच्या आधी स्टुडिओच बिचकला. १९९४ मध्ये त्याच कंपनीच्या जुन्या संगीतपटांचे संकलन ‘दॅट्स एंटरटेनमेंट’च्या तिसऱ्या भागात निघाले. त्यात निवेदक म्हणून सत्त्याहत्तरीकडे झुकलेल्या लीना हॉर्न कॅमेऱ्यापुढे आल्या, ‘शो बोट’चे काम आपल्याला का मिळाले नाही ते त्यांनी सरळ शब्दांत सांगितले, आणि टबातले ते गाणेही त्या संकलनात दाखवले गेले.